ग्रेन्ना

ग्रेन्ना : दक्षिण स्वीडनच्या स्मोलंड प्रांतातील एक लहानसे गाव. लोकवस्ती जेमतेम अडीच-तीन हजार. व्हेटर्न या देशातील दुसऱ्या क्रमांकाच्या सरोवराच्या पूर्व काठावर, डोंगराच्या पायथ्याशी ते वसले आहे. १९७१ पासून योनशोपिंग नगरपालिकेत त्याचा समावेश होतो.

समोरच्या व्हीसिंग्सो बेटावर राहणारा सरदार काउंट पेर ब्राहे (धाकटा) याने १६५२ मध्ये हे गाव वसविले. मुख्य रस्ता अजून त्याच्याच नावाने ओळखला जातो. दुतर्फा जुनी, बैठी लाकडी घरे. गावाच्या उत्तरेस कड्यावर त्याने पत्नीसाठी बांधावयास घेतलेल्या ब्राहेहूस वाड्याचे दगडी अवशेष आहेत. पत्नी १६५० मध्येच वारली आणि १७०८ मध्ये वाडा जळाला. ई-४ महामार्ग लगतच असल्याने पुष्कळ प्रवासी एवढेच पाहून पुढे जातात. देखावा सुंदर असला तरी त्याला ग्रेन्ना पाहणे म्हणता येणार नाही.

गावाला पोसले ते सरदाराने नव्हे, एका विधवेने. अमालिया एरिक्सन (१८२४–१९२३) हिचा पती लग्नानंतर लवकरच वारला. पदरी तान्ही मुलगी. १८५९ मध्ये तिने मिठाई विकण्याचा परवाना मिळविला. पांढऱ्या कांडीवर लाल पट्टे असलेली तिची पेपरमिंटची मिठाई ‘पोल्काग्रीस’ या नावाने देशभर गेली. आजही रस्त्यावरच्या दुकानांत ती गिऱ्हाइकांसमोर करतात. साखर, पाणी व किंचित व्हिनेगर यांचा पाक ओट्यावर ओतून त्यात पेपरमिंटचे तेल मळतात आणि रेवडीच्या पाकासारखा तो आकड्याला अडकवून पुनःपुन्हा ओढतात. हवा शिरून पाक पांढरा होतो. मग लाल पट्टी चिकटवून, पिळून, लांब दोर करून कापतात. विकत न घेताही हे पाहता येते, पण गरम कांडीचा वास सुटल्यावर तसे क्वचितच कोणी करते.

ध्रुवप्रवासी एस. ए. आंद्रे (१८५४–९७) याचा जन्म येथलाच. ११ जुलै १८९७ रोजी तो निल्स स्ट्रिंडबर्ग व क्नूट फ्रेंकेल यांच्यासह स्पिट्सबर्गेनजवळच्या बेटावरून हायड्रोजनच्या फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाला. तीन दिवसांत फुगा बर्फावर उतरला. पायी परतताना तिघेही क्वीटओया बेटावर मरण पावले. १९३० मध्ये त्यांचे अवशेष, रोजनिशी आणि छायाचित्रांच्या फिती सापडल्या. तेहतीस वर्षे बर्फात पडलेल्या त्या फितींतून नव्वदहून अधिक चित्रे उमटली. ग्रेन्ना संग्रहालयातील या मोहिमेचा विभाग घाईने पाहण्याचा नाही. मोहिमेची तयारी किती अपुरी होती, हे तेथील वस्तूंवरून चांगलेच कळते.

व्हीसिंग्सोला जाणारी वाहनांची फेरीबोट सुमारे २५ मिनिटांत पोचते. बेट १४ किमी. लांब व सपाट, सायकल उत्तम. उन्हाळ्यात घोडागाड्याही मिळतात. धक्क्याजवळ १७१८ मध्ये जळालेल्या व्हीसिंग्सबोर्ग वाड्याचे भग्नावशेष, तर दक्षिण टोकास मध्ययुगीन राजांच्या नेस किल्ल्याचे अवशेष दिसतात. मधल्या ओकच्या वनाची लागवड १८३० च्या दशकात नौदलाला जहाजांसाठी लाकूड मिळावे म्हणून झाली. झाडे वाढेपर्यंत जहाजे पोलादाची झाली होती.

जुलैत गर्दी फार असते. ग्रेन्नाची पेअर फळे प्रसिद्ध असून मे महिन्यात बागा फुलतात. तेव्हा जाणे सोयीचे. योनशोपिंगहून बस मिळते.