दशांशचिन्हाचं न मिटलेलं भांडण

चाकणच्या एका कारखान्यात मी हिशेब सांभाळते. मूळ कंपनी जर्मनीतली, त्यामुळे महिनाअखेरीला तिकडचे आकडे माझ्याकडे येतात. तिकडच्या कुणी मेलमध्ये लिहून पाठवलेला फॉर्म्युला इथे चिकटवला की एक्सेल तो घेतच नाही. नवी मुलं कंस मोजत बसतात. कंसांचा काही दोष नसतो. भांडण चारशे वर्षांचं आहे.

सायमन स्टेव्हिनने १५८५ मध्ये युरोपला दशांश अपूर्णांक समजावून सांगितले, तेव्हा त्यात टिंबही नव्हतं आणि स्वल्पविरामही नव्हता. अंकांची स्थानं तो वर्तुळातल्या आकड्यांनी दाखवायचा. लॉगरिदमवाल्या नेपियरने १६१७ मध्ये टिंब किंवा स्वल्पविराम, काहीही चालेल असं म्हटलं. इंग्लंडात पुढे टिंब रुळलं. जर्मनीत मात्र लायब्निझने १६९८ मध्ये योहान बर्नुलीला कळवलं, की गुणाकाराची फुली एक्स अक्षरासारखी दिसते, म्हणून आपण टिंब वापरतो. टिंब असं गुणाकाराकडे गेलं आणि तिकडे दशांशाला स्वल्पविराम रूढ झाला. आपल्याकडे इंग्रजांचं टिंब आलं, पण स्वल्पविराम आपण लाख-कोटींच्या हिशेबानेच देत राहिलो.

वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००३ मध्ये ठराव केला तोही दोन्ही चिन्हं मान्य करणारा. हजारांचे गट पाडायला यातलं एकही चिन्ह वापरू नका, असंही त्यात आहे. ते कोण पाळतं?

१९७९ चं व्हिसिकॅल्क हे एक्सेलच्या आधीचं स्प्रेडशीट अमेरिकेतलं. फॉर्म्युल्यातल्या दोन किमतींमध्ये स्वल्पविराम, ही त्याच्या वेळची सवय एक्सेलमध्येही आहे. जर्मनीत स्वल्पविराम दशांशाला दिलेला, म्हणून तिथे त्या जागी अर्धविराम लागतो. एक्सेलची फाइल उघडताना ही अदलाबदल आपोआप होते. अवतरणचिन्हांतला मजकूर मात्र तसाच राहतो: टेक्स्ट फंक्शनमध्ये वर्षासाठी आपण चार वाय लिहितो, जर्मन एक्सेलला चार जे लागतात.

खरा धोका सीएसव्ही फाइलचा. जर्मन १.२३४ म्हणजे एक हजार दोनशे चौतीस. आपल्या सेटिंगवर तोच आकडा सव्वाच्याही आत येतो आणि एररही दिसत नाही. उलट आपले ३.५ तिकडे ३ मे होऊन बसतात.

म्हणून परदेशी फाइल आली की आधी विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये दशांशचिन्ह आणि लिस्ट सेपरेटर बघा. सीएसव्ही डबल क्लिक करून उघडू नका. इम्पोर्ट करा आणि दशांशाचं नि हजाराचं चिन्ह स्वतः सांगा. आकडे आधीच मजकूर होऊन बसले असतील, तर नंबरव्हॅल्यू फंक्शन आहेच. फॉर्म्युल्याला हात त्यानंतर लावा.