सकाळी बघू

हा कुणा एका माणसाचा घटनाक्रम नाही. लिंगाच्या फ्रॅक्चरवर वेळेत उपचार झाले नाहीत तर काय होत जाते, ते नांदुरा या गावाच्या घड्याळावर मांडले आहे. वेळा मानलेल्या आहेत. शरीरात घडते ते खरे.

रात्री 11.40. संबंधाच्या वेळी ताठ लिंग निसटून बायकोच्या ओटीपोटाखालच्या हाडावर आदळते. ‘कट्’ असा आवाज दोघांनाही ऐकू येतो. जोराची कळ येते, ताठरता क्षणात उतरते. लिंगात हाड नसते. फाटते ते ट्युनिका अल्ब्युजिनिया नावाचे चिवट आवरण. एरवी ते सुमारे 2 मिलिमीटर जाड असते. ताठरतेत ताणून पाव मिलिमीटरवर येते.

रात्री 11.50. सूज चढते. कातडीखाली रक्त पसरून रंग वांग्यासारखा जांभळा होतो. आवाज, कळ, उतरलेली ताठरता, सूज. एवढ्या खुणा जुळल्या की डॉक्टरला बहुतेक वेळा सोनोग्राफीचीही गरज पडत नाही.

रात्री 12.15. “अहो, दवाखान्यात जाऊ.” ग्रामीण रुग्णालय गावातच आहे. पण तिथे कुणी ओळखीचे भेटले तर काय सांगायचे? “सकाळी बघू.” ती फडक्यात बर्फ गुंडाळून देते.

पहाटे 5.30. लघवी साफ होते, रक्त नाही. त्याचा जीव भांड्यात पडतो. यावरून कळते ते इतकेच, की मूत्रमार्ग बहुधा शाबूत आहे. आवरणाची चीर तशीच आहे. लघवी अडली असती तर तो तेव्हाच धावला असता.

सकाळी 9.20. मेडिकलवर तो म्हणतो, “भाऊ, सुजेची गोळी द्या. मार लागला.” कुठे लागला, हे दुकानदार विचारत नाही, हा सांगत नाही. मागे दोन गिऱ्हाईके उभी आहेत. पाय मोडला असता तर त्याने चारचौघांत सांगितले असते, आणि त्या चारचौघांनीच त्याला गाडीत घातले असते.

सकाळी 11.40. बारा तास झाले. खामगावमार्गे अकोला सत्तरेक किलोमीटर. तिथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. यावरचा उपचार म्हणजे ऑपरेशन, ते असे: भूल द्यायची, साकळलेले रक्त काढायचे, एक-दोन सेंटिमीटरची चीर विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवायची. पुढे महिना-दीड महिना संबंध बंद. वेळेत शिवलेल्या बहुतेकांची ताठरता परत येते. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनाही ऑपरेशन तातडीने करा असेच सांगतात.

रात्री 11.40. चोवीस तास. शक्यतो याच्या आत टाके पडावेत, असे डॉक्टर सांगतात. मात्र दार इथे बंद होत नाही, हे ठासून सांगायला हवे. दोन-चार दिवस उशिरा झालेले ऑपरेशनही नुसत्या गोळ्यांपेक्षा चांगले. हे त्याला सांगणारे घरात कुणी नाही.

पाचवा दिवस. सूज ओसरते, रंग फिका होतो. तो बायकोला म्हणतो, “उतरलं बघ.” उतरली ती सूज. आत चिरेच्या जागी कडक व्रण धरू लागला आहे.

सातवा आठवडा. ताठरता येते, पण अर्धवट. लिंग एका बाजूला वाकते, दुखते. तो पुन्हा वाट पाहतो.

चौथा महिना. आता तो युरॉलॉजिस्टसमोर बसला आहे. ऑपरेशन आताही आहे, पण ते वेगळे: वाकाच्या विरुद्ध बाजूला टाके घालून लिंग सरळ करायचे, त्यात लांबी थोडी कमी होते. वाक काढता येईल, डॉक्टर सांगतात. ताठरता पूर्वीसारखी येईल याची हमी ते देत नाहीत.