सोळा वेळा हाक

झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं आपल्याकडे म्हणतात. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा म्हटलं त्याच्या घरी कॉम्प्युटर नसावा. आमच्या घरी आहे. तो आधी काही केल्या झोपेना, आणि एकदा झोपला तो काही केल्या उठेना. सोंग होतं की झोप होती, ते कळायला मला दोन महिने लागले.

त्याचं असं झालं. आमच्या चिरंजीवांनी कॉलेजात गेल्यावर नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुन्याला बढती देऊन 'फाइल सर्व्हर' केलं. म्हणजे घरातल्या सगळ्यांचं एक कपाट. कुणीही आपल्या फोनवरून उघडावं, हवं ते काढावं, हवं ते ठेवावं. त्यात चिरंजीवांचे सिनेमे होते, हिच्या भाचीच्या लग्नाचे अठराशे फोटो होते, माझे इन्कम टॅक्सचे कागद होते. आणि अण्णांच्या बारा कॅसेटी होत्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. निवृत्त झाल्यावर दुपारी टेपरेकॉर्डरसमोर बसून ते कसारा घाटातल्या गोष्टी सांगत. तेव्हा आम्हाला ऐकायला वेळ नव्हता, म्हणून टेपरेकॉर्डर. अण्णा गेल्यावर टोरांटोहून ताईचा फोन आला, "कॅसेटी कुठायत?" मग आम्ही त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या.

इथपर्यंत सगळं छान होतं. मग लाइट बिल आलं.

मी बी. कॉम. माणूस. मशीन साठ वॅट खातं. साठ गुणिले चोवीस, म्हणजे दिवसाला १.४४ युनिट, महिन्याला ४३. आमचं बिल इतकी वर्षं शंभर युनिटांच्या आत अंग चोरून बसलेलं असायचं, ते एकदम वरच्या स्लॅबमध्ये गेलं. ही म्हणाली, "अण्णांचा आवाज आपण वर्षातून चार वेळा ऐकणार. त्यासाठी ते धूड वर्षभर जागं? प्रत्यक्ष अण्णासुद्धा एवढे जागत नव्हते."

मुद्दा बिनतोड होता. चिरंजीव म्हणाले, "सोपंय बाबा. काम नसेल तेव्हा झोपवायचं, लागेल तेव्हा नेटवर्कवरून हाक मारून उठवायचं." आमच्या घरात जे जे 'सोपंय' म्हणून सुरू झालं, ते ते शेवटी माझ्या गळ्यात पडलेलं आहे.

पहिल्या रात्री मशीन अकराला झोपलं आणि अकरा वाजून चार मिनिटांनी उठलं. पुन्हा झोपवलं, पुन्हा उठलं. पहाटे तीनला पंख्याची घरघर ऐकून मी चोर समजून केरसुणी घेऊन हॉलमध्ये आलो. असं आठवडाभर चाललं. शेवटी चिरंजीवांनी चिडून ते पुरतं बंद करायची व्यवस्था केली, हाक मारली की चालू होईल म्हणाले. ते बंद झालं आणि बंदच राहिलं. हाका मारून फोनची बॅटरी संपली, मशीन ढिम्म.

कुठलाही हिशेब जुळेना झाला की मागच्या एंट्र्या बघाव्यात, ही बँकेतली शिकवण. म्हणून मी झोप-जाग प्रकरणाच्या मागच्या एंट्र्या काढल्या.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. कॉम्प्युटरला खरा खटका असे. खाली केला की मशीन बंद, दिव्यासारखं. बंद म्हणजे बंद. हाक ऐकायला आत कुणी शिल्लकच नसे.

हाक मारायची सोय मात्र आधीच झाली होती. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची कल्पना मांडली आणि तिला 'इथरनेट' नाव दिलं. तिची रीत आपल्या चाळीसारखी होती. एकानं बोलायचं ते सगळ्यांनी ऐकायचं, ज्याच्या नावाचं असेल त्यानं घ्यायचं, बाकीच्यांनी कान बंद करायचे. (हा शेवटचा भाग चाळीत कधी जमला नाही.) पुढे १९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स यांनी मिळून जे नियम ठरवले, त्यात प्रत्येक नेटवर्क कार्डाला सहा बाइटांचा स्वतःचा क्रमांक मिळाला. सहा बाइटांत कागदावर २८१ लाख कोटी क्रमांक मावतात. आमच्या बँकेत खातेदाराला सोळा आकडी नंबर का, असं विचारणाऱ्यांना मी आता हे सांगतो.

मग १९९२ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं 'एनर्जी स्टार' नावाचा शिक्का काढला. काम नसताना आपण होऊन डुलकी घेणारं यंत्र असेल, तर त्यावर तो शिक्का. पहिला मान कॉम्प्युटरचा आणि त्याच्या पडद्याचा. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९९३ मध्ये, अध्यक्ष क्लिंटन यांनी हुकूम काढला की सरकारी खात्यांनी असेच कॉम्प्युटर विकत घ्यावेत. कामाच्या वेळात डुलकी घेण्याला सरकारी मान्यता मिळाल्याची ही बहुधा पहिली लेखी नोंद. आमच्याकडे ती अजून तोंडीच आहे.

पण इथेच गोची झाली. मोठमोठ्या कचेऱ्यांत शेकडो कॉम्प्युटर. त्यांची देखभाल करायची, नवे प्रोग्रॅम घालायचे, सगळ्याची दुसरी प्रत काढून ठेवायची, ते रात्री. कारण दिवसा साहेब लोक कामात. आणि रात्री बघावं तर सगळी यंत्रं झोपलेली, नाहीतर जाताना कुणीतरी शिस्तीत बंद केलेली. एक खातं म्हणतंय झोपवा, दुसरं म्हणतंय जागं ठेवा. दोघांची परिपत्रकं एकाच दिवशी आली की कारकुनाचं काय होतं, ते मला विचारा.

तोड काढली एएमडी आणि ह्यूलेट-पॅकार्ड या कंपन्यांनी. नोव्हेंबर १९९५ मध्ये एएमडीनं ती लेखी प्रसिद्ध केली. नाव 'मॅजिक पॅकेट'. जादू इतकी साधी, की वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. सगळं यंत्र झोपू द्यायचं. फक्त नेटवर्क कार्ड, म्हणजे त्याचा कान, चिमूटभर विजेवर जागा ठेवायचा. त्या कानाला भाषा कळायची गरज नाही, विचार करायची तर नाहीच. त्यानं एवढंच बघायचं: आधी सहा बाइट २५५ हा आकडा, आणि पाठोपाठ आपला स्वतःचा क्रमांक, लागोपाठ सोळा वेळा. सहा अधिक सोळा सक शहाण्णव, एकूण १०२ बाइट. हे दिसलं की धन्याला उठवायचं.

सोळा वेळा कशाला? तर बोलण्याच्या ओघात एखादं नाव एकदोनदा सहज येऊन जातं. सोळा वेळा सहज येत नाही. आता हे शोधायला दोन कंपन्या लागल्या. परीक्षेच्या दिवशी पहाटे पाचला माझी आई हेच पॅकेट पाठवत असे, आणि सोळाव्या वेळी पाण्याचा तांब्या हातात असे.

पुढे १९९६ मध्ये आयबीएम आणि इंटेल एकत्र आले आणि १९९७ मध्ये त्यांनी 'वेक ऑन लॅन' या नावानं हा प्रकार बाजारात आणला. त्याच सुमारास आतली वीज देणारी पेटीही बदलली होती. १९९५ मध्ये इंटेलनं आणलेल्या एटीएक्स पद्धतीत कॉम्प्युटर बंद असला तरी एका जांभळ्या वायरीतून पाच व्होल्ट चालू राहतात. तेव्हापासून 'बंद' या शब्दाचा अर्थ बदलला. दिसायला शटर खाली, पण आत वॉचमन बसलेला.

एक मात्र मला, बँकेतला माणूस म्हणून, फार खटकलं. या हाकेला पोच नाही! पाठवणाऱ्यानं पाठवायचं आणि वाट बघायची. उठला तर उठला. आवक-जावक रजिस्टरात वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे पाहून झोप कशी यावी?

एंट्र्या इथवर तपासल्या आणि घोटाळे सापडू लागले.

पहिला घोटाळा असा. काही कार्डांना मॅजिक पॅकेटखेरीज इतर कारणांनीही उठता येतं. साधी चौकशी आली तरी पुरते. आमचं कार्ड त्यातलं होतं. हॉलमधला टीव्ही रात्री बसल्या बसल्या 'कुणाकडे सिनेमे आहेत का हो?' असं विचारत फिरे, आणि हे लगेच 'आहेत, आहेत' म्हणत उठे. त्याला बजावलं, स्वतःचं नाव सोळा वेळा ऐकल्याशिवाय हलायचं नाही. तीन वाजताची घरघर थांबली.

दुसरा घोटाळा थेट युरोपातून आलेला निघाला. तिथल्या २००८ च्या नियमानं ठरवलं की बंद असलेल्या यंत्रानं २०१० पासून एक वॅटहून जास्त आणि २०१३ पासून अर्ध्या वॅटहून जास्त वीज खाऊ नये. नियम योग्यच. तो पाळता यावा म्हणून बोर्ड बनवणाऱ्यांनी सेटिंगमध्ये एक ओळ घातली. ती चालू असली की पुरतं बंद केलेल्या यंत्राच्या कार्डाचीही वीज जाते. आमच्याकडे ती चालू होती. म्हणजे दुकान बंद करताना वॉचमनलाच घरी पाठवलेलं, आणि आम्ही बाहेरून हाका मारतोय! ओळ बंद केली, हाक मारली, मशीन उठलं. मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारचेही उठले.

तिसरा घोटाळा ताईचा. टोरांटोहून तिनं हाक मारली तर पोचेना. त्याचंही कारण इतिहासातच निघालं. ही हाक गल्लीतली आहे, गावाबाहेर जायची नाही. एकेकाळी बाहेरूनही अख्ख्या नेटवर्कला एकदम हाक मारता येई. पण काही उपद्व्यापी लोकांनी दुसऱ्याच्या नावानं अशा हाका मारायला सुरुवात केली. उत्तरं द्यायला शेकडो यंत्रं एकदम धावली की तो बिचारा दुसरा गुदमरे. म्हणून १९९९ मध्ये नियम बदलला आणि राउटरांनी अशा हाका आपण होऊन आत सोडायच्या नाहीत असं ठरलं. सोसायटीच्या गेटवर 'फेरीवाल्यांना मज्जाव' पाटी लागली, आणि तीत ताईही अडकली.

यावरचा उपाय माणसांना फार पूर्वी सापडलेला होता: शेजार. ॲपलनं २००९ मध्ये झोपलेल्या कॉम्प्युटरच्या वतीनं घरातल्या दुसऱ्या जाग्या यंत्रानं उत्तर द्यायची सोय काढली. झोपलेत ते, काय काम होतं, फारच अर्जंट असेल तर उठवते, असं म्हणणाऱ्या शेजारच्या काकूच त्या. आमच्याकडे राउटर चोवीस तास जागा असतोच. त्यालाच काकू केलं. ताईनं आधी ओळख पटवून राउटरपर्यंत यायचं, मग राउटरनं घरातल्या घरात सोळा वेळा हाक मारायची.

हे सगळं करताना मला एकसारखी इगतपुरी आठवत होती.

इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये रात्री-अपरात्री कॉलबॉय यायचा. नाव बॉय, वय पंचावन्न. कुठल्या ड्रायव्हरची, कुठल्या गार्डची ड्यूटी लागली ते घरोघर जाऊन सांगायचं, हे त्याचं काम. हातात कंदील, काखेत वही. दाराशी उभा राहून तो म्हणे, "गार्डसाहेब, कॉल!" अण्णांची वहीत सही झाल्याशिवाय तो पायरी उतरत नसे. पोच घेणारी हाक! अमेरिकेला जे सुचलं नाही ते आमच्या रेल्वेच्या वहीत होतं.

पण अण्णांना ती हाक ऐकू यायचीच नाही. अण्णांची झोप कुंभकर्णाच्या तोडीची. लंकेत निदान ढोलताशे आणि हत्ती होते. इथे एक म्हातारा आणि एक कंदील. कॉल ऐकायची ती आई. कॉलबॉयची सायकल कोपऱ्यावर वळली की ती उठून बसलेली असे. तो दाराशी येईपर्यंत दिवा लागलेला, आणि अण्णांची सही होईपर्यंत चहाला आधण. अण्णांच्या सगळ्या नोकरीत त्यांना एकदाही उशीर झाला नाही. निरोप समारंभात साहेबांनी त्यांच्या वक्तशीरपणाचं कौतुक केलं, अण्णांनी मान तुकवून ते स्वीकारलं. आई मागच्या रांगेत बसून डोळे मिटून ऐकत होती. सगळ्यांना वाटलं, भरून आलंय. आता वाटतं, तेवढी वर्षं साठलेली झोप असावी.

परवा रात्री दोनला हॉलमध्ये बारीकशी घरघर झाली. टोरांटोला तेव्हा दुपारचे साडेचार. ताईनं कॅसेट उघडली असणार. हाक पोचली, हे बघून मला बरं वाटलं. पोच नाही म्हणून जातीनं खात्री करायला बाहेर आलो, तर आई कॉटवर उठून बसलेली. पदर सावरून पाय खाली सोडलेले.

"कॉल आला वाटतं," ती म्हणाली.

"आई, मशीन आहे ते. ताई अण्णांना ऐकतेय तिकडे."

"ते कळलं रे मला. चहा टाकते."

"अगं, मशीन चहा पीत नाही."

"तू पितोस ना?"

पंधरावीस मिनिटांत ताईचं ऐकून झालं आणि मशीन निमूट झोपलं. आम्ही दोघं मात्र चार वाजेपर्यंत घाटातून जात होतो. चहाचा गॅस आणि स्वयंपाकघरातला दिवा धरला, तर त्या रात्री बचत काही झाली नाही. मी तो आकडा हिला सांगितलेला नाही.