अ‍ॅबिंग्डनची गाडी, कॉव्हेंट्रीची गाडी

एमजीबी आणि ट्रायम्फ टीआर-६ या ब्रिटनमध्ये बनलेल्या दोन स्पोर्ट्‌स कार. पहिली ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावात १९६२ ते १९८० या काळात तयार झाली, दुसरी कॉव्हेंट्रीमधल्या कॅनलीच्या कारखान्यात १९६८ ते १९७६ या काळात. दोन्ही दोन आसनांच्या आणि कापडी छताच्या, दोन्हींचे मोठे गिऱ्हाईक अमेरिकेतले. जुनी स्पोर्ट्‌स कार घ्यायची आणि ती झाकून न ठेवता नेहमी चालवायची असे ठरवणाऱ्या ब्रिटिश माणसापुढे आजही ही दोन नावे हमखास येतात. त्यांतली कोणती नेमाने रस्त्यावर राहते आणि कोणती जास्त देखभाल मागते, हे पन्नास-साठ वर्षांपूर्वीच ठरून गेले. कोणत्या साध्या घरगुती गाडीचे इंजिन उचलले, सांगाडा वेगळा ठेवला की पत्र्यातच बांधला, नव्या यंत्रणेवर किती भरवसा टाकला, या त्या वेळच्या निर्णयांचे परिणाम आजचा मालक भोगतो किंवा उपभोगतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला डॉलरची निकड होती आणि जो कारखाना माल परदेशी पाठवेल त्यालाच पोलाद मिळे. एमजीच्या छोट्या, उघड्या, उंच चाकांच्या गाड्या अमेरिकेत खपू लागल्या होत्या. ते पाहून स्टँडर्ड मोटर कंपनीचे प्रमुख सर जॉन ब्लॅक यांनाही या बाजारात उतरावेसे वाटले. स्टँडर्डने ट्रायम्फचे नाव १९४४ मध्ये विकत घेतले होते, पण त्या नावाला शोभेल अशी स्पोर्ट्‌स कार हाताशी नव्हती. ब्लॅक यांनी मॉर्गन कंपनी विकत घ्यायचा प्रयत्न केला, मॉर्गनने नकार दिला, आणि मग ट्रायम्फने स्वतःचीच गाडी बांधली. ती १९५३ ची टीआर-२. तिचे चार सिलिंडरचे इंजिन स्टँडर्ड व्हॅनगार्ड या घरगुती मोटारीचे, आणि त्याच घराण्यातले इंजिन फर्ग्युसन ट्रॅक्टरलाही बसवलेले असे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात केन रिचर्डसन यांनी बेल्जियममधल्या याबेके गावाजवळच्या सरळ महामार्गावर टीआर-२ ताशी १२४ मैलांहून, म्हणजे सुमारे २०० किलोमीटरने पळवून दाखवली. ट्रॅक्टरशी नाते सांगणाऱ्या इंजिनाची ही कामगिरी खरोखर मोठी होती, आणि टीआर हे नाव तिथून रुजले. पुढे १९५६ मध्ये टीआर-३ ला पुढच्या चाकांवर डिस्क ब्रेक आले. मोठ्या संख्येने बनणाऱ्या ब्रिटिश गाड्यांत ते पहिल्यांदाच येत होते.

एमजी हे नाव ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसवरून आलेले. कारखाना १९२९ मध्ये अ‍ॅबिंग्डनला हलला. ऑस्टिन आणि मॉरिस १९५२ मध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन या नावाखाली एकत्र आल्यावर एमजीला आपल्या नव्या गाडीसाठी ताटकळावे लागले, कारण वरिष्ठांनी आधी ऑस्टिन-हीलीला पसंती दिली होती. अखेर १९५५ मध्ये एमजीए आली, एक लाखावर खपली, आणि तिची जागा घेण्यासाठी सिड एनेव्हर यांच्या हाताखालच्या मंडळींनी एमजीबी घडवली. डॉन हेटर यांनी तिचा आकार रेखला.

एमजीबीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय दिसत नाही, तो पत्र्याखाली आहे. एमजीएला वेगळी चासी होती आणि तिच्यावर बॉडी बसवलेली होती. एमजीबीत चासी गेली आणि पत्र्याची बॉडीच भार पेलणारा सांगाडा झाली. त्यामुळे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर तीन इंचांनी घटूनही आत बसायला जागा वाढली. काचा वरखाली होणारी दारे आली. करासह किंमत ९४९ पौंड ठरली. इंजिन मात्र कोणालाही नवल वाटणार नाही असे होते: १७९८ सीसीचे, लोखंडी ब्लॉक आणि लोखंडी हेडचे, दोन एसयू कार्ब्युरेटरवर चालणारे बी-सिरीज इंजिन, सुमारे ९५ अश्वशक्तीचे. हे घराणे मराठी वाचकाला अनोळखी नाही. हिंदुस्तान मोटर्सच्या अँबॅसडरमध्ये अनेक वर्षे होते ते १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन याच बी-सिरीजमधले. अँबॅसडर ज्याने उघडली आहे त्याला एमजीबीच्या बॉनेटखालचे बरेचसे ओळखू येईल. मागे एकसंध अ‍ॅक्सल आणि पाटे, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. ऑक्टोबर १९६४ पासून क्रँकशाफ्टला तीनऐवजी पाच मुख्य बेअरिंग मिळाली आणि इंजिन अधिक टिकाऊ झाले. १९६५ मध्ये पिनिनफारिनाच्या मदतीने एमजीबी जीटी ही पक्क्या छताची, मागे उघडणाऱ्या दाराची आवृत्ती आली.

ट्रायम्फची वाट वेगळी होती. १९६१ च्या टीआर-४ चा आकार इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांचा. मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड ज्या ट्रायम्फ हेराल्डवरून आली, तिचा आकारही त्यांचाच. टीआर-४ ए मध्ये १९६५ साली मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन मिळाले, पण वेगळी चासी तशीच राहिली. १९६७ मध्ये टीआर-५ ला ट्रायम्फच्या मोठ्या घरगुती गाड्यांच्या वंशातले सहा सिलिंडरचे इंजिन बसवले गेले. स्ट्रोक वाढवून ते २४९८ सीसीचे केलेले, आणि कार्ब्युरेटरच्या जागी लुकास कंपनीचे यांत्रिक पेट्रोल इंजेक्शन. टीआर-६ म्हणजे हीच गाडी, नव्या रूपात. मिकेलोत्ती दुसऱ्या कामात गुंतलेले असल्याने जर्मनीतल्या कारमान कंपनीने मधली दारे आणि काच तशीच ठेवून पुढचा-मागचा पत्रा नव्याने आखला. एवढ्या थोड्या बदलातून इतकी ठसठशीत गाडी उभी राहिल्याची उदाहरणे कमीच सापडतील.

इंजेक्शनच्या टीआर-६ ला सुरुवातीला १५० अश्वशक्ती सांगितली जात असे. १९७२ नंतर कॅमशाफ्ट बदलला आणि आकडा १२५ वर आला. चासी क्रमांकाआधी ‘सीपी’ ही अक्षरे असली तर गाडी पहिल्या प्रकारची, ‘सीआर’ असली तर दुसऱ्या, आणि खरेदीदार आजही आधी तीच अक्षरे पाहतो. अमेरिकेतल्या धुराच्या नियमांमुळे तिकडे मात्र दोन स्ट्रॉम्बर्ग कार्ब्युरेटर लावून बरीच मवाळ गाडी पाठवली जाई. एकूण उत्पादनातला सुमारे नऊ-दशांश हिस्सा असा परदेशी गेला. म्हणून ब्रिटनमध्ये आज विक्रीला दिसणाऱ्या काही टीआर-६ अमेरिकेतून परत आणलेल्या, डाव्या हाताच्या स्टिअरिंगच्या असतात.

१९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड स्थापन झाली आणि हे दोन प्रतिस्पर्धी एका मालकाच्या हाती आले. ट्रायम्फ आधीपासून लेलँडच्या घरातली, एमजी बाहेरून आलेली. नव्या स्पोर्ट्‌स कारसाठीचा पैसा टीआर-७ कडे गेला आणि अ‍ॅबिंग्डनला जुन्याच गाडीला डागडुजी करत राहावे लागले. १९७४ च्या अखेरीस अमेरिकेतल्या धडकेच्या नियमांसाठी एमजीबीला काळे रबरी बंपर बसले आणि दिव्यांची उंची नियमात बसावी म्हणून गाडी सुमारे दीड इंच वर उचलली गेली. वळणावरचा तिचा तोल त्याने बिघडला. सप्टेंबर १९७९ मध्ये गावाने एमजीच्या वास्तव्याची ५० वर्षे साजरी केली आणि लगोलग कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली. तोपर्यंत जीटीसह पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या होत्या, तर टीआर-६ लाखाच्या आतच थांबली होती. हा फरक आजच्या मालकीत पदोपदी जाणवतो.

चालवताना टीआर-६ चे पारडे जड आहे, यात शंका नको. सहा सिलिंडरचा खोल आवाज, कमी फेऱ्यांतही मिळणारी ओढ आणि पहिल्या प्रकारच्या गाडीचा ताशी १९० किलोमीटरच्या आसपासचा वेग यांपुढे एमजीबी शांत वाटते. तिचा कमाल वेग १६५ किलोमीटरच्या घरातला. एमजीबीचे स्टिअरिंग मात्र अचूक, वागणूक सरळ आणि अंदाज बांधता येण्याजोगी. टीआर-६ ला जोर दिला की मागचा भाग खाली बसतो आणि मागच्या अ‍ॅक्सलचे सरकते सांधे जोराखाली अडकून अचानक सुटले तर भर वळणात गाडीला झटका बसतो. सांधे स्वच्छ ठेवून, वंगण देऊन हा दोष आटोक्यात राहतो. लांबच्या प्रवासात दोन्ही गाड्यांत ओव्हरड्राइव्ह असलेली निवडावी. महामार्गावर इंजिनाच्या फेऱ्या उतरतात, आवाज आणि पेट्रोल दोन्ही वाचतात.

रोजच्या वापरातला पहिला शत्रू गंज. एमजीबीचे उंबरे, म्हणजे दारांखालचे पत्र्याचे थर, हेच तिचे मुख्य आधार. ते आतून कुजले तर वरून रंग चकचकीत असूनही गाडी खिळखिळी झालेली असते. घेताना दार उघडून, बंद करून त्याची फट सर्वत्र सारखी आहे का ते पाहावे. टीआर-६ च्या उंबऱ्यांनाही गंज लागतो, पण तिची खरी परीक्षा चासीची, विशेषतः मागच्या सस्पेन्शनच्या जोडांपाशी आणि डिफरन्शिअल टांगलेल्या खुंट्यांपाशी. तिथे चीर गेली तर बॉडी उचलून काम करण्याची पाळी येऊ शकते. एमजीबीसाठी १९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेजने मूळ साच्यांवरून अख्ख्या नव्या बॉडी काढायला सुरुवात केली. बंद पडलेल्या गाडीला अशी नवी बॉडी मिळणे ही जुन्या मोटारींच्या इतिहासातली मोठी घटना आहे. एमजीबीचे भाग आज इतके सहज मिळण्यामागे ही बॉडी, बनलेल्या गाड्यांची संख्या आणि एमजी कार क्लब व एमजी ओनर्स क्लबसारख्या संघटना आहेत. टीआरवाल्यांसाठी १९७० पासून टीआर रजिस्टर हेच काम करत आले आहे.

दुरुस्तीत प्रत्येकीची एकेक अवघड जागा. एमजीबीची क्लचप्लेट बदलायला इंजिन बाहेर काढावे लागते. टीआर-६ मध्ये गिअरबॉक्सवरचे आवरण सोडवून तो आतूनच काढता येतो, आणि त्या कामात ती निर्विवाद सोपी. पण तिच्या क्रँकशाफ्टला पुढेमागे सरकू न देणारे अर्धवर्तुळाकार थ्रस्ट वॉशर झिजले तर गळून पडतात आणि ब्लॉकच खराब होतो. एकाने क्लच दाबावा, दुसऱ्याने पुढच्या पुलीकडे पाहावे. पुली पुढेमागे सरकताना दिसली तर गाडी चालवूच नये. सिग्नलला क्लच दाबून थांबण्याची सवय या इंजिनाला मानवत नाही, म्हणून रोज शहरातल्या गर्दीतून जाणाऱ्यासाठी हा मुद्दा किरकोळ नाही. गर्दीत इंजेक्शनचाही कस लागतो. डिकीत बसवलेला पंप सुमारे शंभर पौंड दाबाने पेट्रोल ढकलतो, उष्णतेत तापतो आणि पेट्रोलची वाफ धरतो. अनेक मालकांनी त्या जागी बॉश कंपनीचा पंप लावला आणि ही तक्रार बरीच कमी झाली. नीट जुळवलेले इंजेक्शन उत्तम चालते, पण ते जुळवणारा जाणकार जवळपास असावा लागतो. एमजीबीचे एसयू कार्ब्युरेटर, टॅपेट आणि पॉइंट मात्र मालक स्वतः रविवारी सकाळी लावू शकतो. पुढच्या किंगपिनना वेळेवर ग्रीस दिले की ती फार काही मागत नाही.

वीज आणि गिअरच्या बाबतीत एमजीबीचे साल पाहणे शहाणपणाचे. १९६७ च्या अखेरच्या बदलात डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला, बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडण्याची जुनी पद्धत गेली आणि पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश मिळाला. त्यामुळे १९६८ ते १९७४ या काळातली, क्रोम बंपरची एमजीबी रोजच्या वापराला सर्वांत योग्य. त्यातही पाऊस, सामान आणि चोरी यांचा विचार केला तर जीटी अधिक सोयीची, शिवाय उघड्या गाडीपेक्षा ती सहसा स्वस्तात मिळते. टीआर-६ ला कारखान्याने अशी बंद आवृत्ती कधी दिलीच नाही. वेगळे बसवता येणारे कडक छत तेवढे होते.

पेट्रोल बदलल्याने दोन्ही गाड्यांना नवी काळजी लागली. शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री ब्रिटनमध्ये १९९९ अखेर थांबली आणि जुन्या लोखंडी हेडमधल्या व्हॉल्व्हच्या बैठका झिजू नयेत म्हणून त्यांत कडक कडी बसवून घेण्याची पद्धत पडली. खरेदीपूर्वी हे काम झाले आहे का ते विचारावे. सप्टेंबर २०२१ पासून तिथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या आणि सील कुरतडते, म्हणून जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांचे महाग पेट्रोल सुचवले जाते. दाबाखाली चालणाऱ्या टीआर-६ च्या इंजेक्शनमध्ये सील आणि जोड अधिक, त्यामुळे तिच्या नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्याच असायला हव्यात. कायदा मात्र उदार आहे: ४० वर्षांहून जुन्या गाडीला तिथे रस्ताकर माफ असतो, आणि मे २०१८ पासून, मोठे फेरबदल केलेले नसतील तर, वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. पंचेचाळीस-पन्नास वर्षांच्या ब्रेकच्या नळ्या आणि उंबरे वर्षातून एकदा जाणकाराकडून लिफ्टवर चढवून पाहून घेण्याची जबाबदारी त्यामुळे पूर्णपणे मालकावर आली आहे.