खाब्रिआसचे सांगाडे आणि आमचा दिवाणखाना

इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात अथेन्सच्या खाब्रिआस या नौसेनापतीने किनाऱ्यावर लाकडी सांगाडे उभारले आणि नवख्या वल्हेकऱ्यांना त्यांवर बसवून एका तालात हात चालवायला शिकवलं, असं पॉलिएनस या प्राचीन लेखकाने लिहून ठेवलंय. रोइंग मशिन घरी घ्यायचं की जिममधलं वापरायचं, या आमच्या घरातल्या वादात मी हा खाब्रिआस काढला. बायको म्हणाली, ‘‘त्याने ते किनाऱ्यावर ठेवले ना? बायकोच्या दिवाणखान्यात नाही.’’

तिचं म्हणणं इतिहासाला धरून आहे. हे यंत्र बराच काळ चारचौघांतलंच राहिलं. 1872 मध्ये अमेरिकेत विल्यम कर्टिसने द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. हा गृहस्थ 1868 मध्ये न्यूयॉर्क अ‍ॅथलेटिक क्लब काढणाऱ्यांपैकी, म्हणजे तालमीतलाच. पुढे प्रॉव्हिडन्सच्या नॅरागॅन्सेट कंपनीची यंत्रं व्यायामशाळांत आणि बोटघरांत गेली. 1912 मध्ये टायटॅनिकवरही एक होतं. चारी बाजूंनी अटलांटिक, आणि पहिल्या वर्गाचे प्रवासी व्यायामशाळेत बसून वल्ही मारतायत! मला त्या लोकांची गंमत वाटते.

घरात शिरलं ते दट्ट्याचं यंत्र : दोन दांडे, दोन नळकांडी, घडी करून पलंगाखाली सरकवता येणारं. स्वस्त, पण जरा वेळ ओढलं की नळकांड्यातलं तेल तापतं आणि रोध ढिला पडतो. मी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा. संगमाजवळच्या आमच्या बोट क्लबची रेगाटा 1928 पासूनची. तिथे जलपर्णी चुकवत वल्हवलेल्या माणसाला दट्ट्याचं यंत्र फसवू शकत नाही. काठावरच्यांना वाटतं, वल्ही हातांनी मारतात. खरा जोर पायांचा. बैठक रुळांवर मागे सरकते ती त्यासाठीच. पाय ताणले, मग कंबरेतून मागे झुकायचं, हात सगळ्यांत शेवटी. जिममधल्या पोरांना हे सांगायला गेलो की ती कानात बोंडं घालून बसलेली असतात.

म्हणजे पूर्वी निवडीचा प्रश्न सोपा होता. चांगलं यंत्र क्लबात, खेळणं घरात. हा हिशेब मोडला तो अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये. डिक आणि पीट ड्रायसिगॅकर हे भाऊ स्वतः वल्हेकरी. डिक 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये उतरलेला. ते वल्ही बनवून विकत. हिवाळ्यात नद्या गोठल्यावर सराव कुठे करायचा? त्यांनी एक जुनी सायकल जमिनीला ठोकून पक्की केली, सरकत्या बैठकीवर बसले आणि तिच्या साखळीचं मोकळं टोक ओढून पाहिलं. त्यातून 1981 मध्ये ‘कन्सेप्ट टू’चं पहिलं मॉडेल निघालं, सायकलचंच चाक लावलेलं. चाकाला पाती, जितक्या जोराने ओढाल तितकी हवा अडवते. पाण्याचा स्वभावही असाच. पुढे यंत्राला जोडलेल्या मॉनिटरने आणखी एक काम केलं. दोन ओढींच्या मधे चाक किती झपाट्याने मंदावतं, त्यावरून तो हवेचा रोध मोजू लागला. त्यामुळे बोस्टनमधला आकडा आणि कोथरुडमधला आकडा शेजारी ठेवता येऊ लागला.

माझ्या मते या यंत्राच्या इतिहासातली सगळ्यांत मोठी घटना हीच. ऑलिम्पिकचा खेळाडू ज्यावर घाम गाळतो तेच यंत्र, तस्संच, कुणालाही घरी आणता येऊ लागलं. 2016 मध्ये रिओला एकेरी नौकानयनात तेरावा आलेला आपला दत्तू भोकनळ दुष्काळी चांदवड तालुक्यातला. वल्ही त्याच्या हाती आली ती सैन्यात गेल्यावर. अशा वल्हेकऱ्यांची दोन हजार मीटरची वेळ याच यंत्रावर पाहतात. ‘घरचं म्हणजे दुय्यम’ हे कारण संपलं. उरले जागा, आवाज आणि सोबत.

जागेचं म्हणाल तर लांबी आठ फूट, वजन पंचवीस-सव्वीस किलो; दोन तुकडे करून कोपऱ्यात उभं राहतं. आवाज मात्र पंख्याचा, आणि पहाटे साडेपाचला खालच्या मजल्यावरचे कुलकर्णी तो ऐकणार. सोबतीचा मुद्दा मला सगळ्यांत जड वाटतो. आठजणांच्या नावेत एकाने दांडी मारली तर सात घरी जातात. त्या धाकाने मी कॉलेजात पहाटे उठायचो. घरातल्या यंत्राचा धाक कुणाला? पण आमच्या जिममध्ये ते एकच आहे, आणि संध्याकाळी त्यावर कुणीतरी बसून फोनवर बोलत असतं.

म्हणून आता मी तिसरंच काढलंय. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये टेबलटेनिसच्या टेबलामागे जागा आहे. पाच घरांनी वर्गणी काढून एक यंत्र घ्यायचं आणि वेळा वाटून घ्यायच्या. कमिटीत पहिला प्रश्न वीजबिलाचा आला. त्याला वीज लागतच नाही, मॉनिटर सेलवर चालतो, हे सांगितल्यावर चिटणीसांचा चेहरा जरा सैलावला. दुसरा प्रश्न, साखळीला तेल कोण घालणार. ते मी अंगावर घेतलंय. बायकोने सकाळी सहाची वेळ स्वतःच्या नावावर लिहून टाकली, मला न विचारता.