ज्ञानेश्वरीचे पाठभेद आणि न चालणारा पॅक-मॅन

शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढे नकला होत गेल्या, पाठभेद शिरले. शके १५०६ मध्ये एकनाथांनी प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला व त्यात कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावले.

रास्पबेरी पायवर जुना आर्केड खेळ सुरू होत नसेल, तर दोष यंत्राला देण्याआधी हा इतिहास आठवावा. बहुतेकदा अडचण पाठाचीच असते. निकोला साल्मोरिया यांनी १९९७ साली आरंभलेले 'मेम' हे सॉफ्टवेअर मूळ यंत्राचे वर्तन उभे करते. चिपमधील मजकूर अधिक अचूक वाचला गेला, की खेळाचा फाइलसंच बदलतो. 'मेम २००३' ला ०.७८ या आवृत्तीचा संच लागतो. नवा संच दिल्यास फाइली गहाळ असल्याची तक्रार येते.

'पॅक-मॅन' तर (गंमत पाहा) इथे मूळ ग्रंथच नव्हे. तो जपानी 'पक-मॅन'ची शाखा मानला जातो. विभागलेल्या संचात सामाईक भाग फक्त मूळ झिप फाइलीत असतो, म्हणून तीही शेजारी ठेवावी लागते. नाव बदलून मात्र काहीच साधत नाही.