तारकेचा अर्थ आणि आठवा बिट

सोलापुरांतील एखाद्या चादरींच्या पेढीवर हिशेबनीस संगणकासमोर बसला आहे, अशी कल्पना करा. ‘चादर’ ह्या शब्दानें आरंभ होणाऱ्या जुन्या फाइली त्याला पुसावयाच्या आहेत. पुसण्याची आज्ञा लिहून तो पुढें ‘चादर’ आणि तिला लागून एक तारका लिहितो. पण चुकून मध्यें रिकामी जागा पडली, तर तारका एकटी उरते. आणि एकट्या तारकेचा अर्थ ‘येथील सर्व कांहीं’ असा आहे!

पुसणाऱ्या प्रोग्रॅमला ती तारका दिसतहि नाहीं. ‘शेल’ नांवाचा मध्यस्थ तिच्या जागीं जुळणारीं सर्व नांवें अगोदरच मांडून ठेवतो. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत 1971 च्या सुमारास केन थॉम्प्सन यांच्या शेलनें हें काम ‘ग्लॉब’ नांवाच्या स्वतंत्र प्रोग्रॅमकडे सोपविलें होतें. एकहि नांव न जुळल्यास ग्लॉब आज्ञाच थांबवी. 1979 सालच्या स्टीफन बोर्न यांच्या शेलनें हें काम स्वतःकडे घेतलें, आणि न जुळलेली तारका तशीच पुढें धाडण्याची चाल पाडली. मला जुना कडकपणाच अधिक शहाणपणाचा वाटतो.

आतां नांवांतच खरोखरीची तारका असेल तर? तिच्यापूर्वीं उलटी तिरपी रेघ द्यावी किंवा शब्द अवतरणचिन्हांत ठेवावा, म्हणजे ती निव्वळ अक्षर ठरते. पण ‘हिला हात लावूं नये’ ही खूण शेलनें आपल्या पोटांत ठेवावयाची कोठें? इंग्रजी अक्षरांना सात बिट पुरत. आठवा रिकामा असे. थॉम्प्सन व बोर्न या दोघांच्याहि शेलांनीं खूण तेथेंच केली. युक्ति सुटसुटीत खरी, पण त्या रिकाम्या घरांत पुढें आपणच राहावयास जाणार होतों! 1991 च्या भारतीय मानकानें देवनागरी अक्षरें आठवा बिट चढलेल्या वरच्या अर्ध्यांतच बसविलीं. आणि 1992 मध्यें त्याच थॉम्प्सन यांनीं रॉब पाइक यांच्यासह योजिलेल्या यूटीएफ-8 मध्येंहि देवनागरीच्या प्रत्येक बाइटाचा आठवा बिट चढलेला असतो. जुन्या शेलनें असें नांव अवतरणांतलें समजून तो बिट पुसला असता आणि अक्षरांचा चुराडा केला असता. ती खूण दुसरीकडे हलविणें भागच पडलें.

तरीहि एक तिढा उरला. प्रश्नचिन्ह म्हणजे कोणतेंहि एक अक्षर. ‘सोलापूर’ नांवाची फाइल 4 प्रश्नचिन्हांनीं शोधून पाहा, सांपडणार नाहीं. शेल ओकार, काना व ऊकार वेगळे धरून 7 मोजतो. आणि यूटीएफ-8 ची सूचना त्याला दिलेली नसेल, तर तो नुसते बाइट मोजतो. मग प्रश्नचिन्हें लागतात 21.